अ. पौर्णिमा

कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ एकदा बसली की ऊन, मीठ, जिवाणू, पोटातलं आम्ल, कुणालाच ती सुटत नाही.

•

कोजागिरीचा फोटो. कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्याबाहेरचा बाक. आत्याच्या उजव्या डोळ्यावर हिरवं फडकं, हातात कागदी पेला, पेल्यात मसाला दूध. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. दुधाकडे बघते आहे.

•

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास पुढे.

•

आंबेवठारच्या नळाजवळच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं: वहीवाल्यांनी पाणी दुसरीकडे भरावं.

•

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात. आत्याला जावई नाही. ती स्वतःपुरते तीन तळते.

•

कालव तासाला चार-पाच लिटर पाणी गाळतं. निवड करत नाही.

•

आता सरळ सांगते.

माझं नाव शलाका कुबल. मी समुद्र मागे चालवते. गेली अकरा वर्षं हेच काम आहे, आणि आता कंटाळा आला आहे असं म्हटलं तर तेही पूर्ण खरं नाही. कंटाळ्याला थोडी ताकद लागते.

आमच्या संस्थेत 'उगम' नावाचं एक प्रारूप चालतं. काम सोपं आहे. न विघटणारी रसायनं, लोक त्यांना चिरंजीव म्हणतात, समुद्रात सुटतात. ती तव्यावरच्या थरात असतात, पावसाळी जॅकेटवर असतात, आगीवर मारायच्या फेसात असतात. सुटली की पाण्याबरोबर जातात आणि कालवाच्या मांसात थोडी थोडी साठतात. ती कुणी सोडली हे पाण्याकडे बघून कळत नाही. पाणी नुसतं पाणी दिसतं.

म्हणून आम्ही उलटं जातो. कालव जिथे सापडलं तिथे, ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी, आम्ही संगणकातल्या समुद्रात दहा लाख काल्पनिक कण सोडतो आणि काळ मागे फिरवतो. त्या दिवसांचा वारा, भरती, नद्यांचं पाणी, किनाऱ्यालगतचा प्रवाह, सगळं साठवलेलं असतं. चित्रपट उलटा लावावा तसं. बारा दिवस मागे गेलं की कण कुठल्यातरी नाल्याच्या, कुठल्यातरी पाइपाच्या तोंडाशी गोळा होतात. तो उगम.

इतर घाण वाटेत कुजते, विरते, हिशेब लागत नाही. चिरंजीव काहीच होत नाहीत. जेवढे सुटले तेवढेच पोचतात. म्हणूनच कायद्याने उगमवर विश्वास ठेवला. तीन वर्षांपूर्वीपासून उगमने बोट दाखवलं की लवाद नाला बंद करतो. आजवर असे सतरा निवाडे झाले. सतराही अहवालांवर माझी सही आहे.

एकच अट. दिवस बरोबर हवा. कारण समुद्र वर्षभर एका बाजूला वाहत नाही. पावसाळ्यात आणि तो सरल्यावरही काही आठवडे आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी दक्षिणेकडे सरकतं. मग दिवाळीच्या आसपास ते वळतं आणि उत्तरेकडे जायला लागतं. महिनाभराची चूक झाली तर तेच दहा लाख कण, तितक्याच खात्रीने, नेमके उलट्या दिशेला जाऊन गोळा होतील.

•

नमुना ३११. जागा: काळेखडप. तिथी: अ. पौर्णिमा. वर्ष: २०३९. गोळा करणार: शेवंती कुबल.

शेवंती माझी आत्या. काळेखडपाला ती लहानपणापासून कालवं काढते आणि अकरा वर्षं आमच्यासाठी वहीत लिहिते. तिच्यासारख्या बेचाळीस जणी आणि जण किनाऱ्यावर आहेत. ते तारीख लिहीत नाहीत, तिथी लिहितात. खडप, म्हणजे पाण्याखालचा किनाऱ्याचा खडक, उघडं पडतं ते उधाणाच्या ओहोटीला, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. तारखेचा त्याच्याशी संबंध नाही. तिथीवरून तारीख काढायचा प्रोग्रॅम मी लिहिला. संक्षेपांचा तक्ताही मीच केला. आ. म्हणजे आषाढ. अ. म्हणजे अश्विन. शुद्धलेखनात तो आश्विन आहे, पण रायगडचे लोक अ. लिहीत होते, म्हणून मीही अ. घेतला. त्या दुपारी जेवायची घाई होती एवढं आठवतं.

नमुना ३११ मध्ये चिरंजीव त्या वर्षीच्या सगळ्या किनाऱ्यात सर्वात जास्त निघाले. उगमने तारीख काढली एकतीस ऑक्टोबर. त्या वर्षी प्रवाह लवकर फिरला होता, ऑक्टोबरच्या मध्यालाच. म्हणून कण मागे जाताना दक्षिणेकडे गेले आणि सहा किलोमीटरवरच्या आंबेवठारच्या नाल्याशी थांबले. तिथे मासळीसाठी कागदी खोके करणारा बायकांचा एक छोटा कारखाना होता. खोक्याला आतून पाणी न शोषणारा लेप द्यायचे. नाल्याचं पाणी तपासलं. तेच रसायन निघालं. थोडं, पण तेच.

कारखाना बंद झाला. एकतीस बायका.

बत्तिसावी माझी आत्या. सकाळी कालवं, दुपारी खोके. तिच्या वहीने तिचंच काम बंद केलं, आणि भिंतीवर खडूने काय लिहिलं ते वर सांगितलं.

तिने मला त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

•

गेल्या मंगळवारी फोनने आपणहून एक जुना फोटो वर आणला. दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी. दवाखाना, बाक, हिरवं फडकं. मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळीच झालं होतं. मी फोटो बघून थोडी हसले, कारण दुधात साखर नाही म्हणून तिने परिचारिकेशी वाद घातला होता.

मग तारीख दिसली. एकतीस ऑक्टोबर २०३९.

त्या दिवशी काळेखडपाला कालव तोडणारी बाई कोल्हापुरात माझ्या शेजारी बसली होती.

मी चहा घेतला. खिडकीतून बघितलं. समोर समुद्र होता, तो नेहमीच असतो.

•

बुधवारी ओहोटी सकाळी होती. गाडीने दोन तास. आत्या खडपावर उकिडवी बसून कोयतीने कालवं उचकटत होती. शेजारी डबा, प्लास्टिकच्या पिशवीत वही.

"इलंस? चाय नाय गो आज. दूध फुटला."

"ऱ्हवांदे. आते, ह्यां बघ. ह्या 'अ.' म्हणजे काय?"

तिने ओल्या हातांनी वही घेतली नाही, मान वाकडी करून वाचली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने.

"अधिक."

"खयचो अधिक?"

"खयचो म्हणजे? त्या वर्सा जो होतो तो. वर्सात दोन अधिक येतत काय?"

"नाव लिवलंस नाय म्हयन्याचा."

"तेचा नाव कित्याक लिवूचा? अधिक म्हटल्यार सगळ्यांका कळता. मी अनारसे तळून तुका पाठवलंय त्या वर्सा. तीन होते. तूच दोन खाल्लंस."

"मगे अश्विनाक काय लिवतंस?"

"दस. दसऱ्याचो म्हयनो."

मी पान उलटलं. होतं. दस. शु. १, दस. शु. २. पौर्णिमेची नोंद नव्हती, कारण पौर्णिमेला आम्ही कोल्हापुरात होतो. तक्त्यात 'दस.'सुद्धा मीच अश्विनाला जोडलेलं. 'अ.'ही अश्विनाला. दोन वाटा एकाच घरात गेल्या आणि प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. अधिक अश्विनाची पौर्णिमा दोन ऑक्टोबरला होती. तेव्हा पाणी अजून फिरलं नव्हतं.

"तुमच्या मशिनीत पंचांग घातलंस मा?" आत्याने विचारलं.

"घातलंय. पण 'अ.' म्हणजे अश्विन असा मीच सांगितलंय तेका."

तिने दोन कालवं काढली. तिसरं निघेना, त्याच्यावर दोनदा कोयती मारली.

"म्हणजे कारखानो उगाच बंद पडलो."

"हां."

"उगाच."

"हां."

"बरा झाला चाय नाय ती," ती म्हणाली. "माका आता गिळाक नाय झाली असती."

•

दोन ऑक्टोबर घालून उगम पुन्हा चालवलं. चाळीस मिनिटं लागली. कण उत्तरेकडे गेले. उत्तरेला चाळीस किलोमीटरवर खाडीच्या तोंडाशी रसायन कारखान्यांची एक वसाहत आहे. तिथे लेप बनतात. आंबेवठारच्या बायका ज्या ड्रममधला लेप खोक्यांना लावायच्या, तो ड्रम तिथूनच यायचा. म्हणून रसायन तंतोतंत जुळलं होतं. नाल्यात जे सापडलं ते धुतलेल्या ब्रशांचं पाणी.

•

आमचे संचालक डॉ. सबनीस. निवृत्तीला आठ महिने. त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघितले, चष्मा काढला, डोळे चोळले.

"कुणाला माहितीये?"

"मला, आत्याला. आता तुम्हाला."

"बस." ते स्वतःही बसले. "सदतीस सालीही अधिक होता ना?"

"ज्येष्ठ. तेव्हाच्या वह्यांतही अ. असेल. किती जणांनी लिहिलं असेल, माहीत नाही. बेचाळीस वह्या उघडाव्या लागतील."

"आणि तक्ता चुकला असं आपण म्हटलं की सतराही निवाड्यांना स्थगिती. त्याच दुपारी. सतरापैकी सोळा कदाचित बरोबर असतील. शलाका, त्यातले तीन नाले तर मी स्वतः नाकाला रुमाल लावून बघितलेत. ते सगळे पुन्हा सुरू होतील. दोन वर्षं, तीन वर्षं, किती ते सांगता येत नाही."

"हो."

"त्याऐवजी एका वहीत एक तिथी चुकली असं म्हटलं तर?" ते हळू बोलत होते. त्यांना ते आवडत नव्हतं, ते दिसत होतं. "आंबेवठार सुटतं. बाकी सोळा उभे राहतात. बाईंना कोणी काही करणार नाही. वय किती त्यांचं?"

"एकोणसत्तर."

"वयस्कर बाई, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. कुणालाही पटेल."

"पण तिने बरोबर लिहिलंय."

"मला माहीत आहे तिने बरोबर लिहिलंय," सबनीस म्हणाले. "मी तुला बरोबर काय ते विचारत नाहीये."

त्रुटी कळवायचा अर्ज भरायला शुक्रवारपर्यंत मुदत होती.

•

त्रुटीचं स्वरूप (एकच निवडा):
○ नमुना-नोंदीतील
○ गणनेतील
○ उपकरणातील

त्रुटीचं वर्णन (दोनशे अक्षरांपर्यंत):

पहिला खर्डा. नमुना ३११ च्या नोंदीत गोळा करणाऱ्या व्यक्तीकडून तिथी

दुसरा खर्डा. नमुना ३११ च्या तिथीचा अर्थ लावताना

तिसरा खर्डा. अधिक महिन्याला नाव नसतं असं नाही, पण ज्यांना तो माहीत असतो ते लोक

(हा दोनशे अक्षरांत बसला नाही.)

•

गुरुवारी पुन्हा गेले. आत्या नळावर होती. चार-पाच बायका रांगेत. तिची कळशी सगळ्यात मागे, कुणी तिला मागे लोटलं नव्हतं, ती स्वतःच तिथे उभी राहत असावी. मला बघून एक बाई म्हणाली, "इली, मशिनवाली. आता नळ बंद करतली." दुसऱ्या हसल्या. मंगल तांडेल हसली नाही. कारखाना तिने उभा केला होता. तिने कळशी उचलली आणि आमच्याकडे न बघता गेली.

घरी आल्यावर सबनीस काय म्हणाले ते मी आत्याला सांगितलं. सगळं सांगितलं, नाले, स्थगिती, सगळं. ती भाकरी थापत होती.

"मगे लिव शेवंतीची चूक म्हणान."

"आते."

"काय आते? माका कोण काय करतलो? नळार तशीव कोण बोलनत नाय. आता वहीवाली म्हणतत, मगे आंधळी म्हणतले. आंधळेक निदान पाणी तरी आधी भरूक देतले."

ती खरंच विनोद करत होती. मला हसू आलं नाही म्हणून तिने परत सांगितला.

"तुझी नोकरी ऱ्हवात. सोळा नाले बंद ऱ्हवतले. कारखानो सुटात. ह्याच्यात वायट काय आसा ता सांग माका."

मला ते अजूनही नीट सांगता येत नाही.

•

शुक्रवार, दुपारचे तीन. मी 'नमुना-नोंदीतील' निवडलं.

अर्ज पुढे जाण्याआधी उगम एक गोष्ट दाखवतं. निवडलेल्या पर्यायाचा समुद्रावर काय परिणाम होईल ते. हा भाग माझा नाही, दुसऱ्या एका विभागाने लिहिलाय, आणि मी तो कधी बघितला नव्हता. ज्या व्यक्तीची एक नोंद निवाड्यात चुकीची ठरते, तिच्या सगळ्या नोंदींचं वजन शून्य होतं. नियम बरोबर आहे. खोटं लिहिणाऱ्यांसाठी केलेला.

पडद्यावर किनारा होता. आत्याचे सहाशे बारा ठिपके होते. अकरा वर्षांतली प्रत्येक उधाणाची ओहोटी. ते एकेक करून नाही, एकदम गेले. काळेखडपासमोरचा समुद्र कोरा झाला. तिथे कधी कुणी काही मोजलं नव्हतं असा. आणि नमुना ३११ गेला तशी उत्तरेकडच्या वसाहतीकडे जाणारी रेघही गेली. तिच्याविरुद्ध दुसरा पुरावा नव्हता.

मी आत्याला फोन लावला.

"तुझी सगळी कालवां जातली," मी म्हटलं. "एक नाय. सगळी."

"म्हणजे?"

"तू लिवलंसच नाय असा होतला."

पलीकडे तिने भांडी बाजूला सारल्याचा आवाज आला.

"माका आंधळी म्हटलंस तर चलात," आत्या म्हणाली. "पण मी थंय नव्हतंय असा नको."

मी अर्जात मागे आले. 'गणनेतील' निवडलं. त्याचा परिणाम दाखवायला उगमला जास्त वेळ लागला. बंद असलेले सतरा नाले एकामागोमाग हिरव्याचे करडे, म्हणजे स्थगित, झाले. मी ते शेवटपर्यंत बघितलं, कारण बघणं एवढंच माझ्याकडे होतं. वर्णनात लिहिलं:

'अ.' म्हणजे अधिक. मी अश्विन वाचलं. वही बरोबर आहे. श. कुबल.

दोनशे अक्षरांत खूप जागा उरली.

•

वरचं लिहून आता काही महिने झाले. पुढचं थोडक्यात, कारण ते तसंच घडलं.

सतरा निवाड्यांना स्थगिती मिळाली. माझा सहीचा अधिकार गेला, मला जुने नमुने शीतपेट्यांत लावायच्या कामावर टाकलं. सबनीस रागावले नाहीत. जिन्यात भेटले की "झाली का बेचाळीस?" एवढं विचारतात. वह्या उघडणं चालू आहे. आत्तापर्यंत एकोणीस झाल्या. चुकीचा दुसरा निवाडा सापडला आहे, तिसऱ्याची शंका आहे. म्हणजे उरलेले चौदा अजून तरी बरोबर दिसतात, आणि त्या चौदांचं पाणी आज समुद्रात जातं आहे. वसाहतीने नमुना ३११ वर आक्षेप घेतला आहे. त्यांचा वकील म्हणतो, तिथी ही वैज्ञानिक नोंद नव्हे. सुनावणी पावसाळ्यानंतर आहे.

कारखान्याला परवानगी परत मिळाली. तो सुरू झाला नाही. खोके घेणारे दुसरीकडे गेले होते, आणि खरं म्हणजे ब्रश धुतलेलं पाणी नाल्यात सोडायचं की नाही यावर बायकांतच भांडण झालं. मंगल सोडायचं नाही म्हणत होती. मग लेप कुठला वापरायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तिने मला विचारलं होतं.

हो, ती आली होती आत्याकडे. मी तिथेच होते. उंबऱ्यातच उभी राहिली.

"शेवंते, तुझी ती वही बघूया."

आत्याने पिशवीतून वही काढून दिली. मंगलने मागची पानं चाळली. तिला हवं ते पान मिळायला वेळ लागला. मिळाल्यावर तिने त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"ह्यां?"

"ह्यां."

"एक अक्षर."

"आणि टिंब," आत्या म्हणाली.

मंगल खाली बसली. माफी कुणी कुणाची मागितली नाही. मी चहा केला, तो जरा जास्तच गोड झाला, तरी दोघींनी प्यायला. जाताना मंगल आत्याला म्हणाली, "फाल्यां सकाळी कळशी पुढे ठेव. माझ्या बाजूक."

आत्या आता नव्या वहीत लिहायला लागली आहे. तिचं रक्त आम्ही तपासलं, माझंही. दोघींच्यात चिरंजीव आहेत, तिच्यात माझ्या चौपट. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "चिरंजीव? लग्नाच्या पत्रिकेत लिवतत तसे? मगे माका पोरां नाय असा कोण म्हणता?"

पुढच्या वर्षी श्रावण अधिक आहे. मी तिला म्हटलं, आते, ह्या फेरेक म्हयन्याचा नाव लिव. अधिक श्रावण, पुरा. तिने बरं म्हटलं. मग थोड्या वेळाने विचारलं, "तू ऱ्हवशील मा तेवा थंय? वाचूक?"

मी हो म्हटलं. खात्री नाही.

•

दोन ऑक्टोबर २०३९ रोजी संध्याकाळी सव्वापाच वाजता काळेखडपाला पाणी दक्षिणेकडे वाहत होतं.